कुऱ्हाडीची सही : फ्रेंच-कॅनेडियन शेतकऱ्याचा माग इतका मागे कसा जातो

कॅनडातल्या क्यूबेकमधल्या घराण्यांचा माग काढायला बसलं की झकारी क्लूतिए हे नाव कुठे ना कुठे भेटतंच. फ्रान्सच्या पेर्श भागातल्या मोर्तान्यचा हा सुतार, १६३४ मध्ये रोबेर जिफार या तिथल्या जमीनदाराशी करार करून क्यूबेक शहराजवळ बोपोरला आला, जंगल तोडून शेती केली आणि १६७७ मध्ये शातो-रिशेला वारला. १८०० पर्यंत त्याच्या वंशातल्या लग्न झालेल्या माणसांचा आकडा १०,८५० भरतो, बाकी कुठल्याही मूळपुरुषापेक्षा जास्त. आणि या बाबाला लिहिता येत नव्हतं! सही करायची वेळ आली की कागदावर कुऱ्हाडीचं चित्र काढायचा, बस.

मग निरक्षर शेतकऱ्याची एवढी माहिती टिकली कशी? मला विचाराल तर याचं कारण पूर्वजप्रेम वगैरे काही नाही, त्याच्याकडून प्रत्येकाला काहीतरी हवं होतं म्हणून. चर्चला बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं वहीत लागायचं. सेन्यर म्हणजे तिथला जमीनदार, त्याला खंड लागायचा, तो नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या दिवशी द्यायचा, थोडे पैसे आणि सोबत कोंबडेसुद्धा. शिवाय सेन्यरला मुजराही लागायचा, आणि क्लूतिएचं तर या मानपानावरूनच जिफारशी वाजलं, हा गडी मुजरा करायलाच जाईना, शेवटी १६४६ मध्ये गव्हर्नरला हुकूम काढावा लागला. भांडण झालं की कागद होतो, आपल्याला तेवढंच हवं असतं.

तिसरा माणूस नोटरी, आणि खरी मजा त्याच्याच दप्तरात आहे. लग्न ठरलं की करार, जमीन विकली की करार, माणूस मेला की घरातल्या भांड्याकुंड्यांपासून गाईगुरांपर्यंत यादी. म्हातारा शेत मुलाच्या नावावर करायचा तेव्हा बदल्यात वर्षाला इतका गहू, एक धष्टपुष्ट डुक्कर, इतकं सरपण असं सगळं लिहून घ्यायचा, पोटच्या पोरावरसुद्धा भरवसा नाही 😄 क्लूतिएची लेक आन हिचा रोबेर द्रुएँशी झालेला २७ जुलै १६३६ चा विवाहकरार तिथला सगळ्यात जुना शिल्लक करार समजतात, पोरगी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची, लग्न पुढच्या वर्षी लागलं.

चर्चच्या वह्यांचंही नशीब आहे. १६४० मध्ये क्यूबेकचं चर्च जळलं, वह्या गेल्या, मग लोकांच्या आठवणीतून पुन्हा लिहाव्या लागल्या. १६७९ पासून दोन प्रती ठेवायला लागले, एक चर्चमध्ये आणि एक कोर्टाकडे. दुसरी सोय म्हणजे बाईची नोंद लग्नानंतरही माहेरच्या नावानेच, त्यामुळे आईच्या बाजूनेही तितकंच मागे जाता येतं, आपल्याकडे पणजीचं माहेरचं आडनाव विचारून बघा एकदा. हे सगळं आधी आबे तांगे नावाच्या पाद्र्याने १८७१ ते १८९० मध्ये सात खंडांत लावलं, पुढे माँत्रियाल युनिव्हर्सिटीने १९६६ पासून त्याचा डेटाबेस केला.

अडकायला होतं ते आडनावांशी. सैन्यातून आलेल्यांना टोपणनावं असायची, ती 'दी' (म्हणजे ऊर्फ) लावून मूळ नावाला चिकटायची, जसं की हुदों दी बोल्यू, आणि दोन-तीन पिढ्यांनी एक भाऊ हुदों तर दुसरा बोल्यू. त्यात १८४० ते १९३० दरम्यान साधारण ९ लाख माणसं अमेरिकेत गेली, कारण नदीकाठच्या त्या लांबुळक्या शेतांच्या वाटण्या करून करून पोट भरेना, आणि अमेरिकेतल्या लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेटच्या कापडगिरण्यांत काम होतं. तिथे आडनावांचं इंग्रजी झालं, बुआव्हेरचा ग्रीनवूड झाला, रुआचा किंग. त्यामुळे आजोबा किंग असतील तर क्यूबेकच्या वह्या उघडायची घाई नको, आधी त्या गिरणीगावातल्या फ्रेंच चर्चमधली लग्नाची नोंद गाठायची, पाद्री फ्रेंच असला तर तिथे खरं आडनाव आणि आईबापांची नावं दोन्ही मिळायची शक्यता जास्त.