निकटजनांचा प्रभाव (उच्च शिक्षणातील)

महाविद्यालयात जावे की नाही, कोणती शाखा घ्यावी, पहिल्याच सत्रात विषय राहिला तर पुन्हा परीक्षेला बसावे की नाव काढून घ्यावे, हे निर्णय कागदोपत्री विद्यार्थ्याचे असले तरी ते भोवतालच्या माणसांत शिजत असतात. कुटुंब, मित्रमैत्रिणी आणि शिक्षक वा अन्य मार्गदर्शक यांच्या या परिणामाला येथे निकटजनांचा प्रभाव म्हटले आहे. पैशाची मदत हा त्याचा एक भाग होय. पण या नोंदीत विचार मुख्यतः अपेक्षा, माहिती, उदाहरण आणि सोबत यांचा आहे.

समाजशास्त्रात यासाठी रूढ असलेली ‘महत्त्वाचे इतर’ ही संज्ञा पुष्कळदा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या नावावर घातली जाते. मीड यांचा शब्द मात्र ‘सामान्यीकृत इतर’ असा होता आणि त्याचा रोख विशिष्ट माणसांवर नसून एकूण समाजाच्या दृष्टिकोनावर होता. मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांना या संज्ञेचे श्रेय देणे अधिक रास्त दिसते. उच्च शिक्षणाच्या अभ्यासात ती स्थिरावली साधारणपणे १९६० च्या दशकाच्या अखेरीस, विल्यम स्युअल, आर्चिबाल्ड हॉलर आणि अलेहान्द्रो पोर्तेस यांच्या १९६९ च्या लेखामुळे. विस्कॉन्सिन राज्यात १९५७ मध्ये शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीवर तो आधारलेला होता. आईवडिलांचे प्रोत्साहन, शिक्षकांचे प्रोत्साहन आणि मित्रांचे स्वतःचे पुढील शिक्षणाचे बेत, असे तीन घटक एकत्र करून त्यांनी प्रभावाचे एक माप तयार केले. यातला एक बारकावा सहसा नजरेतून निसटतो. आईवडील व शिक्षक काय म्हणतात हे विचारले गेले, पण मित्रांच्या बाबतीत ते काय करणार आहेत हे विचारले गेले. सांगणारे आणि करून दाखवणारे असा हा भेद आहे. तिन्हींची बेरीज करून एकच आकडा काढताना तो पुसला जातो.

विद्यार्थी प्रवेश घेतल्यावर टिकतो का, हा प्रश्न वेगळा आणि त्याची सैद्धांतिक वंशावळ काहीशी गुंतागुंतीची आहे. विल्यम स्पेडी यांनी १९७० मध्ये गळतीची सांगड फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूर्केम यांच्या १८९७ च्या आत्महत्याविषयक सिद्धांताशी घातली: समूहाशी न जुळलेला माणूस समूह सोडतो. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये याच धाग्यावर आपले प्रतिमान उभे केले. त्यात अभ्यासाशी जुळणे आणि माणसांशी जुळणे असे दोन पदर आहेत. फ्रेंच लोकसंस्कृतीचे अभ्यासक आर्नल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये मांडलेली विलगीकरण, संक्रमण आणि सामीलीकरण ही संस्कारविधींची त्रिपायरी टिंटो यांच्या नावाशी इतकी जोडली गेली आहे, की ती पहिल्यापासूनच त्यांच्या मांडणीत होती असे गृहीत धरले जाते. वास्तविक तिचा विस्तार पुढे, १९८७ च्या त्यांच्या पुस्तकाच्या सुमारास झाला. हा केवळ सालांचा वाद नव्हे. द्यूर्केमच्या धाग्यात घरच्यांपासून तुटण्याची अट नाही. व्हान गेनेपच्या पहिल्या पायरीत ती आहे. महाविद्यालयात रुजायचे तर जुन्या माणसांपासून काही अंशी दूर व्हावे लागते, हा बहुचर्चित निष्कर्ष या दुसऱ्या उसनवारीतून आला.

विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये त्यावर नेमके बोट ठेवले. संस्कारविधी एकाच संस्कृतीतील व्यक्तीला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेतो. एका संस्कृतीतून दुसरीत नेत नाही. शिवाय अशा विधीत नापास होण्याची किंवा मध्येच उठून जाण्याची सोय नसते. अल्पसंख्य समाजातून आलेल्या विद्यार्थ्याला घर मागे टाकायला सांगणे म्हणजे त्याच्या आधाराचाच खांब काढणे, असा त्यांचा आक्षेप होता. तारा योसो यांनी २००५ मध्ये अशा समाजांजवळ असलेल्या सहा प्रकारच्या भांडवलांची, म्हणजे पैशाखेरीज उपयोगी पडणाऱ्या शिदोरीची, मांडणी केली व त्यांत कौटुंबिक भांडवलाला जागा दिली. टिंटो यांनीही नंतर आपली भूमिका बरीच सैल केली. घरापासून दुरावल्याशिवाय महाविद्यालयात मन रमत नाही हे मत आज जवळजवळ मागे पडले आहे, आणि ते योग्यच म्हणावे लागेल.

कुटुंबाच्या प्रभावाचा दुसरा पैलू माहितीचा. पियेर बूर्दिय व झां-क्लोद पास्रों यांनी १९६४ मध्ये दाखवले, की सुशिक्षित घरातली मुले जे जाणतेपण नकळत उचलतात तेच विद्यापीठात अंगच्या हुशारीत गणले जाते. अभ्यासक्रमपत्रिकेत शिक्षकाचे ‘ऑफिस अवर्स’, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्याच्या वेळा, छापलेले असतात. घरात आधी कोणी पदवी घेतलेली असेल तर त्या वेळेत जाऊन शंका विचारायच्या असतात हे मुलाला ठाऊक असते. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला ती शिक्षकाच्या कामाची वेळ वाटू शकते, आणि मग तेवढ्याच वेळात तो दार वाजवत नाही. त्याच्या घरच्यांची माया यात कुठेच कमी पडलेली नसते. जेम्स कोलमन यांनी १९८८ च्या सामाजिक भांडवलावरील, म्हणजे नात्यांतून मिळणाऱ्या बळावरील, लेखात शालेय पातळीवरचे एक उदाहरण दिले आहे, ते याची दुसरी बाजू दाखवते. अमेरिकेतील एका भागात काही आशियाई स्थलांतरित कुटुंबे प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या दोन प्रती घेत. शाळेच्या अधिकाऱ्यांना कोडे पडले. दुसरी प्रत आईसाठी असे. मुलाला शिकवता यावे म्हणून ती आधी स्वतः शिके. भावंडांचा वाटा विशेषतः प्रवेशाचे अर्ज भरताना व शाखा निवडताना जाणवतो. एकाने वाट काढली की धाकट्यांना ती निदान दिसते.

मित्रांच्या बाबतीत मुख्य अडचण मोजमापाची आहे. अभ्यासू मुलांचे मित्र अभ्यासू असतात, पण संगतीने अभ्यास वाढला की अभ्यासूंनी एकमेकांना शोधले? चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये याला ‘प्रतिबिंबाची समस्या’ म्हटले: माणूस आणि आरशातली प्रतिमा एकदम हलतात, कोणामुळे कोण हलते ते नुसत्या पाहण्याने कळत नाही. ब्रूस सॅसरडोट यांनी वसतिगृहाच्या खोल्यांतून यावर मार्ग काढला. डार्टमथ महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोलीतला जोडीदार निवडता येत नसे. जोड्या जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारख्या लागत. २००१ च्या या अभ्यासात जोडीदाराचा परिणाम गुणांवर आणि ‘फ्रॅटर्निटी’सारख्या विद्यार्थिमंडळांत सामील होण्यावर आढळला, मुख्य विषयाच्या निवडीवर आढळला नाही.

यावरून गट मुद्दाम जुळवावेत अशी कल्पना पुढे येणे साहजिक होते. स्कॉट कॅरेल, सॅसरडोट व जेम्स वेस्ट यांनी अमेरिकेच्या हवाईदल अकादमीत कच्च्या विद्यार्थ्यांना हुशार सोबती मिळतील असे गट आखून पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मात्र उलटे निघाले: ज्यांच्यासाठी हे केले त्याच विद्यार्थ्यांची कामगिरी घसरली. गटाच्या आत हुशार हुशारांकडे आणि कच्चे कच्च्यांकडे सरकले होते. एकत्र बसवता येते, मैत्री लावून देता येत नाही. दाट मैत्री नेहमीच हिताची असते असेही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवल्याप्रमाणे नव्या संधीची वार्ता बहुधा तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जिवलग मित्रांना आपल्याइतकेच माहीत असते.

मार्गदर्शक या अर्थी ‘मेंटॉर’ हा शब्द होमरच्या ‘ओडिसी’तून आला असे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. ओडिसियस ज्याच्यावर घर सोपवून जातो तो मेंटॉर फारसे काही करत नाही. ओडिसियसचा मुलगा तेलेमाकस याला धीर देते ती मेंटॉरचे रूप घेतलेली अथीना देवी. उपदेशक गुरू ही मेंटॉरची प्रतिमा प्रामुख्याने फ्रांस्वा फेनेलाँ यांच्या १६९९ च्या कथेने घडवली. ती त्यांनी चौदाव्या लुईच्या नातवाच्या शिक्षणासाठी लिहिली होती. सामान्यनाम म्हणून शब्दाचा इंग्रजीतला वापर अठराव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे तिच्यानंतरचा आहे. कॅथी क्रॅम यांनी १९८५ मध्ये मार्गदर्शनाची दोन अंगे सांगितली: पुढची दारे उघडून देणे आणि मनाला उभारी देणे. ही विभागणी कार्यालयातील नात्यांवरून केलेली असली तरी महाविद्यालयांवरील लेखनात ती सरसकट वापरली जाते.

मार्गदर्शक ओळखीचाच लागतो असे नाही. एरिक बेटिंजर व रेचल बेकर यांच्या २०१४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना यदृच्छेने एकेक प्रशिक्षक नेमून दिला होता. तो संस्थेतला प्राध्यापक नव्हता. मुख्यतः दूरध्वनीवरून ठरावीक काळाने बोले, वेळेचे नियोजन आणि पुढची उद्दिष्टे यांची विचारपूस करी. असा प्रशिक्षक लाभलेले विद्यार्थी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात टिकले आणि ही विचारपूस थांबल्यानंतर एक वर्षानेही हा फरक शिल्लक होता.