मांजराचं गवत आणि कॅटनिप: कुंड्या दोन, कामं दोन

"आमच्या मनीवर कॅटनिपचा काहीच परिणाम होत नाही हो, नुसती चरत बसते." मांजर पाळणाऱ्यांकडून ही तक्रार वरचेवर ऐकू येते. अशा वेळी मी आधी कुंडीचा फोटो मागतो. बहुतेकदा त्यात लांब, सरळ, हिरवीगार पाती दिसतात. म्हणजे ते कॅटनिप नसतंच, ते मांजराचं गवत असतं, आणि मनी त्याचं जे करायचं तेच करत असते. दोन्ही 'मांजरासाठी रोप' म्हणून विकलं जातं, पाकिटावर मांजराचं तेच गोंडस चित्र असतं, त्यामुळे हा घोळ होतो.

खरं तर ओळखायला दोन्ही सोपी आहेत. कॅटनिप, शास्त्रीय नाव नेपेटा कटारिया, हे पुदिन्याच्या कुळातलं बहुवर्षायू झाड. त्याचं खोड दोन बोटांत धरून फिरवलं की चार कडा लागतात. पानं जोडीजोडीने समोरासमोर येतात, हृदयाच्या आकाराची, दातेरी कडांची, करड्या छटेची आणि हाताला किंचित लवदार. चुरगळलं की पुदिन्याच्या जवळपासचा, पण जास्त उग्र आणि जरासा रानटी वास येतो. मांजराचं गवत म्हणजे गहू, जव, ओट किंवा राय यांचे कोवळे कोंब. आपले गव्हांकुरच म्हणा ना. वास साधा, ओल्या गवताचा.

आता मुख्य फरक. कॅटनिप नाकासाठी आहे आणि गवत तोंडासाठी. कॅटनिपच्या पानांवर, विशेषतः खालच्या बाजूला, बारीक ग्रंथी असतात आणि त्यांत नेपेटालॅक्टोन नावाचं तेलकट द्रव्य असतं. पान दुखावलं की ते हवेत उडतं आणि मांजराच्या नाकात शिरतं. म्हणूनच मांजर ते पान चावतं, चाटतं, त्यावर गाल घासतं. चावणं इथे पोट भरण्यासाठी नसतं, वास मोकळा करण्यासाठी असतं. मग लोळण, लाळ, मागच्या पायांनी लाथा, असा पाच ते पंधरा मिनिटांचा तमाशा होतो आणि मांजर काहीच न घडल्यासारखं उठून जातं. त्यानंतर निदान अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ, तेच पान नाकाला लावलं तरी ते ढुंकून पाहत नाही.

हे वेड जन्मजात असतं आणि सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. साधारण दर तीन मांजरांतल्या एकाला कॅटनिपचं काही वाटत नाही. तीन-चार महिन्यांच्या आतली पिल्लंही सहसा थंडच असतात, तेव्हा पिल्लू लोळलं नाही म्हणून रोपाला नावं ठेवू नयेत. 2021 साली जपानी संशोधकांनी यामागचं एक कारण पुढे आणलं. कॅटनिपच्या आणि तशाच परिणामाच्या सिल्व्हर वाइन या वेलीच्या वासाने मांजराच्या मेंदूतली सुखाची, ओपिऑइड यंत्रणा जागी होते आणि अंगाला फासलेल्या या द्रव्यांमुळे डास दूर राहतात. म्हणजे लोळण्यात मजा आहे आणि पदरात फायदाही.

गवताची गोष्ट अगदी वेगळी. ते मांजर खरंच खातं, मान वाकडी करून, दाढेने कापत. का खातं, यावर 'पोट बिघडलं की खातं' हे उत्तर सर्रास दिलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजाराहून जास्त मांजरमालकांना विचारलं, तेव्हा बहुतेक मांजरं खाण्याआधी आजारी दिसत नव्हती आणि खाल्ल्यावर वरचेवर ओकणारी कमीच निघाली. त्यांच्या मते ही पूर्वजांकडून आलेली सवय असावी, आतड्यातले जंत पुढे ढकलायला उपयोगी पडणारी. अधूनमधून गवतासकट केसांचा गोळा फरशीवर पडला तर घाबरू नये. रोजच ओकत असेल तर मात्र पशुवैद्य गाठावा.

घरात वाढवायला गवताइतकं सोपं दुसरं काही नाही. दाणे रात्रभर भिजवायचे, पसरट कुंडीत दाटीने पसरायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा. आठ-दहा दिवसांत वीतभर पाती उभी राहतात, दोन-तीन आठवड्यांत पिवळी पडतात, तेव्हा फेकून नवी पेरायची. एकच पथ्य: शेतात पेरण्यासाठी औषध चोळलेलं बियाणं वापरायचं नाही. खाण्याचे साबूत दाणे चालतात. आणि बुडाशी बुरशी दिसली की ती कुंडी सरळ बाद.

कॅटनिपची खरी मागणी उजेडाची. खिडकीपासून लांब, कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलेलं रोप मरत नाही, पण काड्यांसारखं उंच होतं, पानं विरळ आणि वास मिळमिळीत. रोज सहा तास ऊन येणारी खिडकी हवी, नाहीतर वाढीचा दिवा. पुदिन्याचा भाऊबंद म्हणून लोक त्याला पाणी मात्र पुदिन्यासारखं पाजतात, आणि तिथे ते कुजतं. बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं, कुंडीला भोक हवंच. बियांपासून करण्यापेक्षा फांदी पाण्यात ठेवून मुळं फोडणं सोपं. रोप वीतभर झालं की शेंडे खुडायला लागायचं, म्हणजे ते बाजूने फुटतं. कळ्या दिसल्या की त्याही काढाव्यात.

सगळ्यात जास्त जपायचं ते मांजरापासूनच. कोवळं रोप त्याच्या हाती लागलं तर एका दुपारीत जमीनदोस्त होतं, कारण मांजर त्यावर अख्खं अंग टाकतं. म्हणून गवताची कुंडी खाली, मांजराच्या तोंडाशी, आणि कॅटनिपची वर टांगलेली किंवा बंद खोलीत. तिथून दोन पानं तोडायची, बोटांत चुरडायची आणि खाली टाकायची. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. सवय लागत नाही, पण मूठभर पानं पोटात गेली तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. जास्तीची पानं सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवली तर काही महिने कामाला येतात.

जाता जाता, कॅटमिंट या नावाने मिळणारं निळ्या-जांभळ्या फुलांचं रोप तिसरंच. ते कॅटनिपचं चुलत भावंड, शोभेचं, आणि मांजरांवर त्याची भूल सहसा कमी पडते.

एकाच कुंडीची जागा असेल तर मी गवत लावायला सांगेन. उजेड कमी असला तरी ते उगवतं, कॅटनिपची नावड असलेलं मांजरही ते खातं, आणि चरायला हक्काचं काही असलं की इतर कुंड्यांकडे त्याचं लक्ष कमी जातं. मात्र घरात लिली असेल तर गवताच्या भरवशावर राहू नका, ती आधी बाहेर काढा. तिचं पानच काय, नुसता परागही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतो.