परदेशात इलाज करायचा आहे? तिकिटाआधी हे वाचा

पासपोर्ट, मेडिकल व्हिसा, तिकीट आणि बँकेचे कागद एवढेच आमचे काम. कोणत्याच दवाखान्याकडून आम्ही कमिशन घेत नाही, म्हणून गिऱ्हाईक परत जाईल अशाही गोष्टी इथे लिहिल्या आहेत.

वरूड-मोर्शीकडची मंडळी बहुतेक गुडघे नाहीतर बायपास घेऊन येतात. पोरगा बाहेरदेशी असतो, आईबाबांचे तिकडेच करू म्हणतो. पण स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर आपल्या सरकारने २०१७ मध्येच मर्यादा घातली. या ऑपरेशनांसाठी बाहेरचे लोक भारतात येतात. अमेरिकेत तेच करायला कितीतरी पट पैसे लागतात. वर दवाखाना, सर्जन आणि भूल देणारा डॉक्टर यांची बिले वेगवेगळी येऊ शकतात. व्हिजिटर इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नका. जुन्या दुखण्याचे ठरवून केलेले ऑपरेशन त्यात सहसा बसत नाही. आयुष्मान कार्डही देशाबाहेर चालत नाही.

इथे जे मिळतच नाही, त्यासाठी जाणे वेगळे. ती यादीही आखडत चालली आहे. कॅन्सरच्या प्रोटॉन किरणांसाठी पूर्वी बाहेर जावे लागे; २०१९ पासून ते चेन्नईत आणि २०२३ पासून टाटा मेमोरियल या कॅन्सरच्या दवाखान्याच्या खारघर केंद्रात मिळतात. काही रक्ताच्या कॅन्सरवरची कार-टी पेशींची थेरपी (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देतात) अमेरिकेत २०१७ मध्ये आली तेव्हा तिची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून तयार केलेली थेरपी इथे २०२३ मध्ये मंजूर झाली, ती कितीतरी स्वस्त पडते.

गडचिरोली-चंद्रपूरकडची सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) कुटुंबे ‘ते जीन बदलायचे औषध’ विचारतात. कॅसजेव्ही नावाची ती थेरपी अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींच्या वर. दवाखान्याचा खर्च वेगळा. त्यासाठी वावर विकायला निघू नका. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमित चालू आहेत का ते आधी बघा. भावंडाचा बोनमॅरो जुळत असेल तर ट्रान्सप्लांट भारतातच होते.

दर्जाचे म्हणाल, तर जेसीआय या अमेरिकेतल्या संस्थेची दवाखान्याला मान्यता आहे का ते बघतात. बँकॉकच्या बुमरुनग्राडला ती २००२ मध्ये, आशियात सर्वांत आधी मिळाली. आपल्याकडे तशीच एनएबीएचची मान्यता आहे. जंतुसंसर्ग, औषधे, नोंदी यांची शिस्त त्यातून कळते. तुमचा सर्जन वर्षाला अशी किती ऑपरेशने करतो ते कळत नाही. ते ईमेलने विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

आता कोटेशन. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पॅकेजचा आकडा असतो, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘यात नाही’ची यादी. जास्तीचे दिवस, आयसीयू, रक्त, गुंतागुंत झाली तर दुसरे ऑपरेशन, सोबतच्या माणसाचे राहणे, सगळे तिथे. खरा खर्च त्याच पानावर असतो. छातीच्या ऑपरेशननंतर साधारण दहा दिवस तरी विमानात बसू देत नाहीत, तेही डॉक्टरचा फॉर्म भरल्यावर. तेवढे हॉटेल धरून चला.

पैसे बँकेतूनच पाठवा. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे; दवाखान्याचा अंदाजपत्रक-कागद असला तर इलाजासाठी त्यावरही परवानगी मिळते. वर्षात दहा लाखांच्या वर गेलात की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. आंबिया बहाराची संत्री विकून पैसे उभे करणार असाल तर व्यापाऱ्याचा चेक वटेपर्यंत दवाखान्याची तारीख पक्की करू नका.

कॅन्सरच्या पेशंटने सोबत न्यायला गाठीचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्यावा. काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला तुकडा असतो. तो हातातल्या बॅगेत ठेवा, आणि मे महिन्यात वरूडहून नागपूरला जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. मेण मऊ पडते. एमआरआयची फिल्म पुरत नाही, सीडी मागा.

परत आल्यावर टाके, ड्रेसिंग, फिजिओथेरपी इथलाच डॉक्टर बघणार. जाण्याआधी त्याला भेटून तो तयार आहे का ते विचारा. काहींना दुसऱ्याचे ऑपरेशन हाती घ्यायला आवडत नाही, आणि त्यांचेही खोटे नाही.

येताना निदानाचे कागद, जुनी डिस्चार्ज समरी आणि पेशंटसोबत जाणाऱ्याचे आधार कार्ड आणा. ३६ पानी पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये, तत्काळला २००० जास्त. आमची फी वेगळी, ती काम हाती घेण्याआधी पावतीवर लिहून देतो.