टॉवरची सावली आधीच मोजता येते

जुन्या वस्तीला लागून टॉवर येणार म्हटलं की वाद मजल्यांवरून पेटतो. शेजारच्या तीन मजली चाळीतल्या माणसाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न वेगळा आहे: तळमजल्याच्या खिडकीतून आकाश किती दिसणार?

आधी उन्हाचं पाहू. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरला सूर्य सर्वांत वर येतो तो घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, आणि तेव्हाही दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशच वर असतो. 100 मीटर उंच इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेला सुमारे 90 मीटर पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास ती वायव्येकडे जवळपास दुप्पट लांब असते. 21 जूनला भर दुपारी हीच सावली आठ मीटरही भरत नाही. म्हणजे गिरगावातल्या एखाद्या वाडीच्या दक्षिणेला टॉवर उठला, तर थंडीतलं हवंहवंसं ऊन जातं आणि ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी सावली काही मिळत नाही.

ऊन थेट येत नसलं तरी खोली उजळते ती आकाशाच्या प्रकाशाने. राष्ट्रीय इमारत संहितेत उंचीप्रमाणे भोवतालची मोकळी जागा वाढत जाते, पण उंच टॉवरच्या बाबतीत ती उंचीच्या मानाने थोडीच वाढते. समजा 16 मीटरवर 100 मीटरची भिंत असेल, तर खालच्या खिडकीसमोरचं आकाश क्षितिजापासून तब्बल 81 अंशांपर्यंत झाकलं जातं. टॉवर सडपातळ असेल तर बाजूने उजेड येतो. सलग भिंतीसारखा असेल तर तोही नाही.

हे आपण पाहिलेलं आहे, तेही टॉवरविना. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. कोनाच्या हिशेबाने तीच गत. खालच्या घरांत भर दिवसा ट्यूबलाइट लागते, दोरीवरचे कपडे ओलसरच राहतात. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या 2018च्या अभ्यासात तिथल्या क्षयरोगाचा संबंध उजेड आणि खेळत्या हवेच्या अभावाशी आढळला. उंची बेताची असूनही हे झालं, कारण अंतरच ठेवलं नाही.

जपानने 1976 मध्ये इमारत कायद्यात सावलीची मर्यादा घातली. बैठ्या घरांच्या भागात तीन किंवा जास्त मजल्यांच्या, किंवा वळचण 7 मीटरपेक्षा उंच असलेल्या बांधकामाची सावली, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळात, शेजाऱ्याच्या जागेवर ठरावीक तासांपेक्षा जास्त पडू द्यायची नाही. किती तास, ते स्थानिक प्रशासन ठरवतं.

आपल्याकडे पुनर्विकासाच्या प्रस्तावात चटईक्षेत्राचा, म्हणजे बांधता येणाऱ्या एकूण क्षेत्रफळाचा, हिशेब इंचाइंचाने होतो. त्याच नकाशांवरून 22 डिसेंबरची तासातासाची सावली संगणकावर काढणं वास्तुविशारदाला मुळीच अवघड नाही. परवानगीआधी तो नकाशा, शेजारच्या चाळींच्या खिडक्यांसकट, लोकांसमोर हरकतींसाठी ठेवणं सक्तीचं करा. टॉवर दहा मीटर सरकवायचा की त्याची रुंद बाजू फिरवायची, हे पाया खोदण्याआधीच ठरवता येतं.