लिव्ह अँड लायसन्स करार (महाराष्ट्र) : घरमालकाची जबाबदारी

लिव्ह अँड लायसन्स करारात मालक ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देतो. जागेत भाडेकरूचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. हे संरक्षण कागदावर टिकवायचे काम मालकाचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. कसूर सिद्ध झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरा फटका मात्र वेगळा बसतो : नोंदणीकृत करार नसेल तर भाडे, अनामत, मुदत याबाबत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर.

'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोटरीचा शिक्काही नोंदणीची जागा घेत नाही.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम आणि परतीच्या अनामतीवर दरसाल १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर लागते. महिना २०,००० भाडे, १,००,००० अनामत, मुदत २४ महिने असेल तर ४,८०,००० अधिक २०,००० म्हणजे ५,००,०००. शुल्क १,२५० रुपये. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५०० रुपये. एवढ्या खर्चासाठी नोंदणी टाळणे परवडणारे नाही. ऑनलाइन नोंदणीत घोडे अडते ते बहुधा आधारवरील नाव आणि मसुद्यातील नाव जुळत नसल्याने, किंवा वयस्क मालकाच्या अंगठ्याचा ठसा उमटत नसल्याने.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हे नोंदणीपेक्षा वेगळे काम आहे. जिथे पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू आहे, तिथे ती न दिल्यास गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. सोसायटीलाही कराराची प्रत द्यावी. तिचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत.

मुदत संपूनही घर रिकामे झाले नाही, तर याच अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांवर निर्णय देणारा सरकारी अधिकारी) अर्ज करता येतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी भाडेकरूला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी मागितल्याशिवाय त्याला अर्जाला विरोध करता येत नाही. कुलूप बदलून किंवा सामान बाहेर काढून मालकाने स्वतः ताबा घेऊ नये.