कपाट म्हणजे मुळात दार

अक्षय तृतीयेच्या सुमारास 'गंगोत्री के कपाट खुले' अशा हिंदी बातम्या येऊ लागल्या की आमच्याकडे कोणीतरी हमखास विचारतं, देवळाला कपाट कशाला? प्रश्न रास्त आहे. मराठी माणसाला कपाट म्हटलं की लुगडी, दागिने, जमिनीचे कागद आणि वर कुलूप एवढंच दिसतं. हिंदीत मात्र कपाट म्हणजे दार, आणि शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे.

संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात कालिदास तरुण रघूला 'कपाटवक्षाः' म्हणतो, म्हणजे दाराच्या फळीसारख्या रुंद छातीचा. हाच शब्द प्राकृतातून झिजत 'कवाड' झाला आणि मराठीत दारच राहिला. संस्कृत रूप मात्र खणांसकट सगळ्या वस्तूला चिकटलं. एक रूप उंबऱ्यावर, दुसरं माजघरात.

असं का झालं असावं, ते मला आमच्या गुहागरकडच्या जुन्या घरात उमगलं. जांभ्याची जाड भिंत. तिच्यातच पोकळी सोडलेली, आत दोन आडव्या फळ्या, आणि पुढे फणसाच्या लाकडाची दोन बुटकी दारं. आजी त्याला फडताळ म्हणायची. उचलून दुसरीकडे न्यावी अशी वस्तूच नाही ती. पोकळी भिंतीची; सुताराच्या हातची तेवढी दारं. अशा ठिकाणी दाराचं नाव आतल्या जागेलाही पडावं, यात मला काहीच नवल वाटत नाही.

त्या दारांवर आपला किनाराही वाचता येतो. बिजागरी पोर्तुगीज 'बिसाग्रा'वरून आली, चावीही पोर्तुगीजच. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्या ताब्यात होती, चौल-रेवदंड्यालाही त्यांचं ठाणं होतं. सुतार-लोहाराच्या तोंडी त्यांचे शब्द बसायला दोनशे वर्षं पुष्कळ झाली. कुलूप त्याआधीचं, अरबी 'कुफ्ल' फारसीतून आला आणि येताना फ-ल यांची अदलाबदल होऊन बसला.

मला सगळ्यांत आवडतो तो दुवा गोव्याच्या बाजूचा. तिथे कोंकणीत कपाटाला 'आर्मार' म्हणतात, पोर्तुगीज 'आर्मारियु'वरून. हिंदीतली अलमारीही त्याचीच. त्यामागे लॅटिन 'आर्मा', म्हणजे हत्यारं, अवजारं; ती ठेवायची जागा ते आर्मारियुम. आणि शिवाजी महाराजांचं, पुढे आंग्र्यांचं ते 'आरमार'? ते पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलेलं, त्याच 'आर्मा'च्या कुळातलं. विजयदुर्गाच्या खाडीतली गलबतं आणि गोव्यातल्या घरातलं लुगड्यांचं कपाट नात्यातली निघावीत, याचा मला अजून आनंद होतो.

पोलादी कपाट अलीकडचं. गोदरेजने मुंबईत १८९७ मध्ये कुलपं करायला घेतली आणि १९२३ मध्ये पोलादी कपाटं. मग कोणत्याही पत्र्याच्या कपाटाला लोक 'गोदरेजचं कपाट' म्हणू लागले. आमच्याकडेही आलं, फडताळाशेजारीच उभं राहिलं.

पण फडताळ वापरात होतंच. आषाढात त्याच्या फळ्या फुगायच्या, कडी कोयंड्यात बसायची नाही. मग आजी गुडघ्याने खालची बाजू रेटून धरायची आणि मला म्हणायची, "दार लाव गो नीट." फडताळ लाव, कपाट लाव, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.