क्रॉल गुणोत्तर : ऑफ-रोड गाडीची खालच्या आरपीएमची ताकद

पहिला गिअर, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटणारी पेटी) लो रेंज (तिचा सावकाश पण जोरदार गिअर) आणि डिफरन्शियल (अॅक्सलमधला, दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच, थोडक्यात डिफ) या तिघांच्या गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे क्रॉल गुणोत्तर. इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत जाताना किती पटींनी वाढतो आणि चाक तितक्याच पटीने किती हळू फिरते, हे या एका आकड्यावरून कळते. दगडांच्या चढावर ‘गाडीला खालून दम नाही’ अशी तक्रार होते तेव्हा दोष इंजिनात क्वचितच असतो. बहुतेक वेळा हा आकडाच तोकडा असतो, आणि तो तोकडा पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मालकाने चढवलेले मोठे टायर.

सुझुकी सामुराईचे उदाहरण या विषयात वारंवार दिले जाते. १९८५ ते १९९५ या काळात अमेरिकेत विकलेली ही १.३ लिटरची गाडी भारतातल्या जिप्सीच्या घराण्यातली. तिचा पहिला गिअर ३.६५२, लो रेंज २.२६८ आणि डिफ ३.७२७; गुणाकार सुमारे ३०.९. मूळ २०५/७० आर१५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिमी. इंजिन ८०० आरपीएमवर आयडल करत (अॅक्सिलरेटर न दाबता चालत) असताना फोर-लोच्या (चारही चाके, लो रेंज) पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे ३.३ किमी सरकते. त्याच गाडीला ३१ इंची टायर बसवले की व्यास ७८७ मिमी होतो, वेग ताशी ३.८ किमीपर्यंत चढतो आणि जमिनीवरचा जोर सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. दगडावर चाक टेकले की इंजिन बंद पडू लागते. मग चालक अर्धा क्लच धरून गाडी चढवतो आणि एका मोसमात क्लच प्लेट जळते.

तुलनेसाठी, पाच गिअरच्या नव्या जिम्नीचे गुणोत्तर सुमारे ३६ आहे (४.४२५ × २.००२ × ४.०९०), तर चारास एक लो रेंज असलेल्या मॅन्युअल जीप रँग्लर रुबिकॉनचे सुमारे ८४.

सामुराईवरचा रूढ उपाय म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये ४.१६ गुणोत्तराचे लो गिअर बसवणे. मग गुणाकार ५६.६ होतो आणि ३१ इंची टायर असूनही आयडलवरचा वेग ताशी सुमारे २.१ किमीवर येतो. दुसरा मार्ग डिफचे क्राउन-पिनियन (डिफमधली मोठ्या आणि लहान गिअरची जोडी) बदलण्याचा. टायरमुळे गेलेले भरून काढायला ३.७२७ च्या जागी ४.४ च्या आसपासचे गुणोत्तर लागते. हा मार्ग महाग पडतो: पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफ एकाच गुणोत्तराचे लागतात, नाहीतर फोर-व्हील लावताच ट्रान्समिशन पीळ खाते आणि तुटू शकते. शिवाय गुणोत्तर वाढते तसा पिनियन लहान आणि नाजूक होत जातो. हायवेवर पाचवा गिअर ओढत नसेल तर डिफ बदलावेत; फक्त रांगण्यासाठी ताकद हवी असेल तर ट्रान्सफर केसच बरी.

आत्ता डिफ कोणता आहे हे न उघडताही कळते. सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडावा, गाडी टू-व्हीलमध्ये आणि गिअर न्यूट्रलला ठेवावा. मागचे एकच चाक उचलून ते बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावे. पावणेचारच्या किंचित आत आले तर डिफ ३.७३ चा. लॉकर किंवा लिमिटेड स्लिप (दोन्ही चाके एकमेकांना जखडणारा डिफ) असेल तर मात्र दोन्ही चाके उचलून एकच फेरा फिरवावा लागतो.

क्राउन-पिनियन बसवण्यात खरी कारागिरी आहे. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) ठरते, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर मोजतात (छोट्या डिफमध्ये साधारण ०.१० ते ०.२० मिमी, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा) आणि दातांना मार्किंग पेस्ट लावून स्पर्शखूण पाहतात. खूण दाताच्या मुळाशी आली तर पिनियन फार आत आहे, टोकाशी आली तर फार बाहेर. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगांमधली दबणारी नळी) एकदा दबली की पुन्हा वापरता येत नाही. सुरुवातीला २०–२५ किमी सावकाश चालवून डिफ पूर्ण थंड होऊ द्यावा आणि सुमारे ८०० किमीवर तेल बदलावे. हे टाळले की काही महिन्यांतच डिफ घोंघावू लागतो.

टॉर्क वाढला की साखळीतला पुढचा कच्चा दुवा उघडा पडतो. सामुराईत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, स्वतःच्या माउंटवर टांगलेली असते. ४.१६ बसवल्यावर हे माउंट आधी हात टेकतात, त्यामुळे मजबूत ब्रॅकेट त्याच वेळी घालावे. दुसरी भीती पुढच्या अॅक्सलच्या बर्फील्ड जॉइंटची (वळणाऱ्या चाकाला ताकद पोहोचवणारा सांधा). स्टीअरिंग पूर्ण वळवलेले असताना अडकलेल्या चाकावर जोर दिला की तो फुटतो.

इंजिनाकडे वळण्यापूर्वी ते मूळ अवस्थेत आहे का, हे पाहावे. कॉम्प्रेशन, टॅपेट क्लिअरन्स, इग्निशन टायमिंग, एअर फिल्टर, व्हॅक्यूम होज आणि घासणारे ब्रेक, एवढ्या तपासणीतच हरवलेला दम काही वेळा परत सापडतो. जाड सायलेन्सर पाइप लावल्याने खालची ताकद वाढत नाही, उलट कमी होते. ‘बॅक प्रेशर हवे’ हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण चुकीचे आहे: रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो आणि सिलिंडर नीट रिकामा होत नाही, हे खरे कारण. लांब, अरुंद नळ्यांचा हेडर (सिलिंडरांना जोडलेला एक्झॉस्ट नळ्यांचा संच) आणि कमी ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह कमी वेळ उघडे ठेवणारा) कॅम खालच्या आरपीएमला उपयोगी. जड फ्लायव्हील इंजिन बंद पडू देत नाही, पण नवी ताकद देत नाही. टर्बो डिझेलमध्ये रीमॅपने (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) टॉर्क वाढतो. मात्र बूस्ट तयार होण्यापूर्वीच्या आरपीएमला त्याचा फारसा उपयोग नसतो, आणि क्लच व ड्युअल-मास फ्लायव्हीलवर ताण पडतो. टर्बो नसलेले इंजिन दर १,००० मीटर उंचीमागे साधारण दहा टक्के ताकद गमावते. लडाखच्या खिंडींत मूळ गाडीही मरगळते ती यामुळेच.

गुणोत्तर वाढवत नेणे सगळीकडे फायद्याचे नाही. पावसाळी काळ्या मातीच्या चिखलात टायरच्या खाचा रिकाम्या व्हायला चाकाला वेग लागतो, वाळूतही तसेच. तिथे फोर-लोचा दुसरा किंवा तिसरा गिअर आणि १८ पीएसआयच्या आसपासची हवा जास्त कामाची. बीडलॉक (टायरची कड रिमवर घट्ट धरणारी कडी) नसलेल्या रिमवर १५ पीएसआयखाली जाऊ नये, टायर रिममधून निघतो. उतारावर मात्र मोठे गुणोत्तर निर्विवाद चांगले: क्लच सोडून, ब्रेकला पाय न लावता गाडी इंजिनावर उतरते.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशील बदलणाऱ्या फेरफारांना मनाई करते. मोठे टायर किंवा दुसरे इंजिन बसवण्याआधी ते वाचावे.